फवाऱ्याचा डावा दांडा

चालकाविना धावणारी फवारणीची गाडी बांधाशी आली, की आपला डावा दांडा मिटून घेई. गोदाक्कांचा उद्धव हयात होता, स्वतः गाडी चालवी, तेव्हा बांधावर भाकरी घेऊन उभ्या असलेल्या आईवर औषध उडू नये म्हणून असेच करी; गाडीने त्याचीच सवय उचलली होती.

“आक्का, नवे नोझल बसवले. पण ते चालवायचे तर गाडीची जुनी स्मृती पुसावी लागेल,” रज्जाक मिस्त्री चाचरत म्हणाला.

“मग पूस. माझ्या मायेपायी हरभरा किडीला घालू?” गोदाक्का कडाडल्या.

चाचणीसाठी टाकीत साधे पाणी भरले. गोदाक्का भाकरी घेऊन नेहमीच्या जागी ताठ उभ्या राहिल्या.

“आक्का, मागे सरा!”

त्या हलल्या नाहीत. गाडी जवळ आली. दांडा मिटला नाही. चिंब भिजताना गोदाक्कांनी पदराने भाकरी तेवढी झाकली.