एकोणसत्तर

“सही करणार नाही म्हणजे नाही,” असं म्हणत सूर्यभान सरांनी बायपासच्या संमतीचा फॉर्म पांघरुणावर टाकून दिला. हिमायतनगरच्या दवाखान्यात सकाळपासून हे तिसऱ्यांदा. जामबागच्या मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! एकदा उत्तर काढलं की ते खोडणार कोण?

“अहो, ऑपरेशन केलं नाही तर महिनाही सांगता येत नाही म्हणतात डॉक्टर,” विमलाबाईंना रडू आवरेना. “आमचा तरी विचार करा.”

“अगं, मला एकोणसत्तर पूर्ण झाली. याच्याइतका भरलेला आकडा दुसरा नाही. त्याचा वर्ग मांड, घन मांड. दोन्हींत मिळून शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक येतात, एकेकदाच. कुणी राहत नाही, कुणी जास्त होत नाही. माणसानं अशाच आकड्यावर थांबावं.”

आता बोला! मरायलासुद्धा गणित लागतं या माणसाला. विमलाबाई पदरानं डोळे पुसत बसल्या.

पलंगाच्या पायथ्याशी त्यांची नात पिंकी होती, नववीतली, इंग्रजी शाळेतली. तिनं मोबाइलवर गुणाकार केला आणि मान हलवली.

“नक्को आजोबा, गलत आहे. सगळे अंक कुठं येतात? एकचा अंक तर तीनदा आला. आठ आलाच नाही.”

सरांना ते झोंबलं. त्यांचं गणित चुकलं असं आजवर घरात कुणी म्हटलं नव्हतं. “काय मांडलंस तू?”

“तुम्ही म्हणाले तेच. एकोणसत्तर. सत्तर, अन् वर एक. सेव्हंटी-वन.”

“अगं बाई, एकोण म्हणजे एक उणा! सत्तराला एक कमी. तो उणा होता, तू अधिक केलास!”

“मला काय मालूम? मी ऐकलं तसं केलं.” तिनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

सरांनी चष्मा चढवला. घन आला होता ३५७९११.

मोबाइलवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी फॉर्म ओढला, मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः मांडणी केली. एक्काहत्तर गुणिले एक्काहत्तर, पाच हजार एक्केचाळीस. त्याला परत एक्काहत्तरनं गुणलं. हातचा एकही चुकला नाही.

तीन, पाच, सात, नऊ, अकरा. विषम संख्या ओळीनं उभ्या होत्या, प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशा. मध्ये एकाचीही जागा रिकामी नव्हती.

सरांच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं फळ्यावर एकोणसत्तर लिहिला, शाबासकी घेतली, आणि दोन पावलं पुढं जाऊन कधी बघितलं नाही.

“विमल, हा इथंच होता गं,” ते हळूच म्हणाले. “माझ्या जन्माआधीपासून होता. मी बघितलाच नाही.”

“कोण होता?” विमलाबाई घाबरल्या.

“एक्काहत्तर.” त्यांची नजर कागदावरून हलेना. “मला तिथं पोचायला दोन वर्षं लागतील. डॉक्टरांना विचार, तेवढी जमवून देतात का.”