उचललेलं पाऊल

संग्रहालयातल्या दालनाच्या दारात म्हाताऱ्याच्या दंडावरची बायकोची पकड एकदम घट्ट झाली.

"काय गं?"

"काही नाही. चप्पल अडकली."

पुढून चौकीदाराचा ओळखीचा आवाज आला. "काका! किती दिवसांनी! पण काका, आज..."

"आज गर्दी नाही, बरंच झालं," तिने मध्येच तोडलं. "निवांत होईल ह्यांचं."

शेजारच्या दालनात कुणीतरी खोक्यांना खिळे ठोकत होतं.

म्हातारा काठी सरकवत पुढे निघाला. शाळेत ड्रॉइंग मास्तर होता तेव्हापासून दर रविवारी तो इथे यायचा आणि ब्राँझचा नटराज कागदावर उतरवायचा. बायको बाजूच्या बाकावर विणत बसायची. गेल्या वर्षी डोळे गेले. मग आठवणीतलेही चेहरे पुसट व्हायला लागले. आधी विद्यार्थी, मग शेजारीपाजारी, मग खुद्द बायको. आणि आता नटराज. हात आठवायचे, पण नुसतेच, अधांतरी. ते कुणाला जोडलेले होते ते आठवेना.

उद्या मुलीकडे जायचं होतं, दूरच्या गावी, कायमचं. आज दिसला नाही तर गेलाच.

काठीला मूर्तीभोवतीच्या दोरीचा खांब लागायला हवा होता. लागला नाही. अंतराचाही अंदाज गेला वाटतं, तो मनाशी चरफडला.

"दालन मोठं वाटतंय गं आज. आवाज घुमतोय."

"तुम्ही बारीक झालात म्हणून."

"बरं. सांग आता."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"दिसतंय ते सांग."

तिने त्याचा दंड सोडला. मग बाकाची फळी करकरली. ती बसली होती.

उजवा हात, मागचा

"डमरू आहे. पण मुठीत आवळलेला नाही, बोटांवर नुसता तोललाय. आता वाजेल की मघाशीच वाजून गेला, कळत नाही."

काळोखात एक हात उजळला.

डावा हात, मागचा

"तळव्यावर जाळ. आपण गरम वाटी धरतो ना, तशी त्याची बोटं जराही आखडलेली नाहीत. भाजतच नाही मेल्याला."

चौकीदार खुदकन हसला. मागून कुणाची तरी पावलं आली, दबकत थांबली. मग आणखी दोघांची.

कान

"एका कानात एक डूल, दुसऱ्यात भलताच. घाईत घराबाहेर पडल्यासारखा."

"अगं, उजवा त्याचा, डावा पार्वतीचा. अर्धं अंग तिचं आहे."

"म्हणजे बायकोला घेऊन नाचतोय म्हणा की! नाहीतर तुम्ही. लग्नाच्या वरातीतसुद्धा खांबासारखे उभे होतात."

मागे कुणीतरी हसू दाबलं.

"आणि काकू," चौकीदाराने हळूच विचारलं, "जटेतली ती बाई कुठल्या बाजूला?"

"इतकी वर्षं समोर उभा आहेस," म्हातारा म्हणाला, "आणि हे विचारतोस?"



"त्याच्या उजवीकडे," ती म्हणाली. "गंगा. बोटाच्या पेराएवढी, हात जोडून. एवढ्या गरगरीतही पडत नाही बघा. आणि शेल्याचं टोक मागे उडालंय, त्याला दोन चुण्या. वरची मोठी."

"चुण्या?" म्हातारा चमकला. "मी कधी काढल्या नाहीत त्या."

"तुम्ही कायम समोर बसायचात. माझ्या बाकावरून दिसतात."

उजवा हात, पुढचा

"हा तळवा आपल्याकडे. घाबरू नकोस म्हणतोय. लहान मूल रात्री दचकून उठलं की आपण धरतो तसा. अहो... खरंच तसा."

तिचा आवाज जरा ओला झाला. खिळे ठोकणंही केव्हाचं थांबलं होतं. दालनात किती माणसं असतील याचा म्हाताऱ्याला अंदाज येईना. कुणी कुजबुजत नव्हतं, कुणी पुढे जात नव्हतं. देवासमोर लोक असेच गप्प होतात, त्याला वाटलं. आणि आता त्याला दिसत होता. डोळे होते तेव्हा दिसला त्याहून स्पष्ट. ज्वाळांचं कडं, विखुरलेल्या जटा, तो शांत, किंचित हसरा चेहरा. अख्खं जग गरगरतंय, आणि मधोमध एक पापणीही हलत नाही.

त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्याने ते पुसलं नाही.

डावा हात, पुढचा

"हा छातीवरून आडवा खाली गेलाय. डाव्या पायाकडे बोट दाखवतोय. उचललेल्या पायाकडे."

तो पाय! जन्मभर तोच जमला नव्हता. कागदावर कधी दगडासारखा जड व्हायचा, कधी पिसासारखा हलका. एकदा हात लावून बघितला की कळेल, असं त्याला कायम वाटायचं. पण हात नुसता उचलला तरी चौकीदार ओरडायचा, "लांबून काका, लांबून!"

"आज लावू का रे हात?"



"नको हो," ती घाईघाईने म्हणाली. "नियम म्हणजे नियम. लांबूनच छान दिसतोय. ऐका ना, पाय गुडघ्यात असा वाकलाय..."

म्हाताऱ्याने काठी काखेत धरली, लबाड पोरासारखं हसला आणि एक पाऊल पुढे टाकलं. कुणी ओरडलं नाही. त्याने हात पुढे केला.

डावा पाय

हाताला चबुतऱ्याची कड लागली. पुढे गार, सपाट दगड. त्यात बोल्टची चार भोकं. त्यावर नुसती हवा. मागे बाकावरून ती सांगतच होती, "...आणि अंगठा बघा, जरासा वर उचललेला. दिसतोय ना?"