ठरलेली जागा

समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला बाईंनी पुस्तकं मिटायला लावली. "समाज बघायला लांब कशाला जायचं? आज रात्री जेवताना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसा. काय होतं ते उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता कल्ला. एकाचे आजोबा ताट हातात घेऊन त्याच्या डोक्याशी उभे राहिले, पण शेजारच्या रिकाम्या खुर्चीत काही बसले नाहीत. एकीच्या धाकट्या भावाने तर भोकाडच पसरलं.

"बघा," बाई खूश होऊन म्हणाल्या, "कुठे लिहिलेलं नाही, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली!"

"प्रत्येकाची नाही, बाई." मागच्या बाकावरची चष्मेवाली उठली. "मी आईच्या जागेवर बसणार होते. पण ती कुठे बसते तेच कुणाला आठवेना. बाबांना नाही, दादाला नाही, मलाही नाही. शेवटी तिलाच विचारलं. ती ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवत होती. म्हणाली, 'मला काय गं, कुठेही चालतं.'"

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग हाताला धरून तिला बाबांच्या खुर्चीत बसवलं. पंख्याखालच्या, टीव्हीसमोरच्या! आधी अवघडली. मग जी मांडी ठोकून बसली, ती आज सकाळचा चहासुद्धा तिथेच."

"अगं, मग बाबा कुठे बसले?"

चष्मेवाली गालात हसली. "त्यांना काय बाई, कुठेही चालतं."