जरा मोठ्याने
मारकुट्या नवऱ्याच्या तावडीतून सुटून मी भाड्याने खोली घेतली होती. तिचा पत्ता फक्त आईला ठाऊक होता. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला मी तो हळूच सांगितला. "ताई, जरा मोठ्याने! घशात काय अडकलंय?" मी वाकून पुन्हा पुटपुटले. त्याने तो पलीकडे टाइप करणाऱ्याला ओरडून सांगितला: गल्ली, इमारत, मजला. वर विचारलं, "जिन्यासमोरचीच खोली ना?" मागच्या बाकावर जबाबासाठी बोलावलेला माझा नवरा बसला होता. तो पत्ता ओठांतल्या ओठांत घोकायला लागला. "साहेब, तो ऐकतोय!" "मग काय त्याच्या कानात बोळे कोंबू?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. पर्समधून खोलीची किल्ली काढून हवालदाराच्या टेबलावर आपटली. "हीसुद्धा द्या त्याला! दार फोडायचा त्रास तरी वाचेल!" हवालदाराने इकडेतिकडे पाहत आवाज खाली आणला, "ताई, हळू. सगळे ऐकतायत."