चाचाला मारायला नको होतं

दहाव्याच मिनिटाला चाचा मेला आणि थिएटरात एकच बोंब उठली.

शुक्रवार होता. भिवंडीतले माग बंद, त्यामुळे निजामपुऱ्यातला अख्खा कामगार दुपारच्या शोला लोटलेला. हिंदीत डब केलेला विलायती पिक्चर. पहिल्या भागात तो लोखंडी माणूस ऐन लढाईत बंद पडायचा आणि म्हातारा मेकॅनिक चाचा पाना घेऊन त्याला उठवायचा. त्या जागी पब्लिक पडद्यावर चिल्लर उधळायची. पंधरा वर्षं झाली त्याला. आता दुसरा भाग आला, पण ह्या शहाण्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मांडलेली. नवा लोखंडी माणूस सडपातळ, चकचकीत. बिघडला तर आपला आपणच दुरुस्त होतो. चाचा पहिल्या भागासारखाच पाना घेऊन जवळ गेला, तर त्यानं चाचाचा गळाच धरला.

"चाचा को मारा? पैसा वापस!" पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना तेच आवडलं होतं.

जानू वर बाल्कनीत बसला होता. वीस वर्षं तो काळूरामशेटच्या कारखान्यात फिटर. चोवीस मागांतला एकही असा नव्हता, जो त्याच्या हाताखालून गेला नाही. पहिला भाग त्यानं अकरा वेळा बघितलेला, आणि तेव्हापासून कामगार त्यालाही चाचाच म्हणायचे. आजची तिकिटं शेटनी काढली होती. एका बाजूला शेट, दुसऱ्या बाजूला त्यांचा मुलगा दीपेश, मधे जानू. वीस वर्षांत शेटनी त्याला चहा पाजला होता, घरच्या लग्नाला बोलावलं होतं, पण पिक्चरला? छे! म्हणूनच सकाळपासून जानूला शंका येत होती. मंगळवारी दोन माणसं कारखान्याची जमीन टेपनं मोजून गेली होती. जुने माग जाणार, नवे येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जानूला एवढंच विचारायचं होतं, की आपण राहणार का जाणार. विचारायची छाती होत नव्हती.

इंटरव्हलच्या जरा आधी तो नवा लोखंडी माणूस शहरात शिरला आणि पिक्चरचा सगळा आवाज एकदम बंद झाला. लोकांना धडकी भरावी म्हणून बंद केला असेल. पण भिवंडीच्या पब्लिकला त्याचं काय! बारा-बारा तास खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाला शांततेचा अर्थ एकच कळतो. शंभरेक माणसं ताडकन उठून उभी राहिली.

"लाइट गयी क्या?"

मग पडदा चालू दिसला, आणि जो तो दुसऱ्याला हसत खाली बसला. जानूही उठला होता.

"बसा काका," दीपेश हसत म्हणाला. "नव्याला आवाजच नाही. तीच तर मजा आहे."

जानू बसला. बाकी सगळे हसत होते, त्याला मात्र हसू येईना. भीती वाटली.

इंटरव्हलला भज्यांच्या गाडीपाशी दोन तट पडले.

"ही काय मशीन झाली?" सायझिंगमधला, सुताला खळ देणारा लडकू तावातावानं बोलत होता. "पहिला कसा, आपल्यातला वाटायचा. अडायचा, रुसायचा. ह्याला ना घाम, ना ग्रीस!"

"अरे लडकूभाऊ, फाइट देखो ना!" एक पोरगेला विणकर म्हणाला. "एकदम झकास!"

"फाइट घाल चुलीत. चाचा, तुम्ही बोला."

जानूनं एकदा शेटकडं बघितलं. शेट खाली बघून भजी खात होते.

"म्हाताऱ्याला मारायला नको होतं," जानू म्हणाला. "ठेवायचा होता कुठंतरी. बसला असता बिचारा कोपऱ्यात. कोणाला नडत होता?"

"पण काका, ठेवून करायचं काय?" दीपेशनं अगदी मनापासून विचारलं. "स्टोरीत त्याला काम तर पाहिजे ना."

"गार झाली भजी," शेट म्हणाले, आणि हात पुसायला लागले.

पिक्चर सुटला. अर्धं पब्लिक सुपरहिट म्हणत बाहेर पडलं, अर्धं आया-बहिणी काढत. कोणीतरी पोस्टरवर पान थुंकलं होतं. त्या गर्दीत शेटनी जानूच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला गेटच्या कडेला घेतलं.

आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं जानूला वाटलं.

"शेट, नवे माग आले की माझं काय?"

"येडा हायस काय?" शेट त्याच्याकडं बघतच राहिले. "तू तर पायजेच. तुझ्याबिगर कसं चालंल?"

जानूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उगाच आपण मनात नाही नाही ते आणलं, ह्याची त्याला लाज वाटली. भर रस्त्यात शेटच्या पाया पडावं असं वाटलं.

"बुधवारपासनं भंगारवाला येतोय," शेट म्हणाले. "त्या जुन्या मशिनी दुसऱ्या कोनाच्या बापाला खोलता येनार न्हायत. नट कुठं, बोल्ट कुठं, तुलाच ठाव. म्हनून म्हटलं, आज जानूला जरा पिक्चर दाखवू. किती दिवस लागतील?"

वीस वर्षं शेटनी दुरुस्तीचे दिवस विचारले, की जानूनं दिवस सांगितले होते. आजही तोंडातून आपसूक निघून गेलं.

"चोवीस माग... आठ दिवस, शेट."

"धा घे," शेट मायेनं म्हणाले. "घाई न्हाय."