आपोआप: हो की नाही

अगं, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. ताई मशीनच्या खोलीत बसलीये, कपाटाएवढं ते जुनं मशीन शेजारी घरघरतंय, स्क्रीनवर हिरवी अक्षरं, गरम वायरींचा तो वास, आणि एसी एवढा गार की ऑपरेटर मावशींनी आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकलाय. मावशी म्हणजे आमची सख्खी नव्हे, अख्ख्या ऑफिसची मावशी. ताईच्या जन्माआधीपासून त्या खुर्चीत बसतायत. आता महिनाअखेर रिटायर होणार आणि खुर्ची ताईला मिळणार.

काम काय, तर लांबच्या डेपोतलं मशीन जळलं आणि तिथं नवं आलं. त्याचं डिव्हाइस डिस्क्रिप्शन बनवायचं होतं. म्हणजे आपल्या मशीनला सांगायचं, बाबा रे, हा नवा गडी, नाव हे, लाइन ही, याच्याशी बोलत जा. अगदी सोयरीक जमवण्यासारखं गं! दोन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर तेच पाहिजे, जरा इकडचं तिकडं झालं की दोघं रुसून बसतात. ताई शेजारच्या स्क्रीनवर जुनं उघडून त्यात बघून बघून नवं भरत होती.

भरता भरता एक ओळ आली. मशीन चालू झालं की जोडणी आपोआप सुरू करायची? हो किंवा नाही. बाकी सगळ्या डेपोंना 'हो'. ह्याच्या जुन्यात 'नाही'.

"मावशी, हे चुकून राहिलंय का हो?"

"राहिलं असेल," म्हणत मावशी चष्मा पुसायला लागल्या. पुसलेलाच होता.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही हातानं जोडणी सुरू करता, मग डेपोत फोन करता, मग ते तिकडून जोडतात, ते सगळं ह्या एका 'नाही'पायी? मला वाटलं तिकडचं मशीनच खडूस आहे!"

"सगळ्यांना तेच वाटतं."

"अहो, पण मागं तुम्हाला ताप आला तेव्हा मालाच्या याद्याच पोचल्या नाहीत, ट्रक दुपारपर्यंत नुसते उभे होते. साहेब कसले भडकले होते! मी त्यांना शब्द दिलाय, आज सगळे डेपो सारखे करून देते म्हणून."

"मग टाक की 'हो'. एका बोटाचं तर काम."

ताईचं बोट बटणाकडे गेलंसुद्धा. तेवढ्यात मावशी हळूच म्हणाल्या, "पूर्वी सगळेच डेपो असे हातानं जोडायचो आम्ही. सकाळी ह्या खोलीत नुसता बाजार भरायचा. कुणाच्या पोराचं बारसं, कुणाची दाढदुखी, सगळं कळायचं. मग एकेक डेपो आपोआप झाला, एकेक आवाज बंद झाला. हाही झाला होता. पण ह्या डेपोतल्या ऑपरेटरची बायको गेली आणि माणूस पार मिटला गं. डेपोतच एकटा राहतो, दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही. म्हणून मीच गुपचूप ह्याचं परत 'नाही' केलं."

"त्यांना माहितीये?"

"छे! त्यालाही वाटतं मशीन खडूस."

आणि फोन वाजला. पीळ पडलेल्या वायरचा जुना फोन. रिसीव्हर मावशींच्या कानाला, पण शब्द न् शब्द ताईला ऐकू येतोय. ऑफिसात त्या डेपोवाल्याला उगाच नाही भोंगा म्हणत!

"काय गं म्हातारे, आहेस का गचकलीस?"

"तुला पोचवल्याशिवाय कुठं जाते!"

"हे नवं मशीन बघायला पाहिजे होतंस. असलं चकाचक, त्याच्यासमोर बसायचं तर मीच भांग पाडून आलो. बसवायला आलेली पोरं म्हणतात, हे आपलं आपण जोडून घेतं. खरं का गं?"

मावशींनी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"नाही, माझं काय," भोंगा म्हणाला, आणि आवाज इतका बारीक झाला की ताईला पुढं वाकावं लागलं. "बरंच की. सकाळी पळत यायला नको."

मावशींनी रिसीव्हरवर हात ठेवला. "हे बघ पोरी, जबरदस्ती नाही. 'नाही' ठेवलंस तर रोजचा फोन तुझ्या गळ्यात. तू आजारी पडलीस की ट्रक उभे, आणि साहेब तुझ्या डोक्यावर. आणि हा बोलायला लागला की थांबत नाही, तेही सांगून ठेवते." एवढं बोलून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि काचेपाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या.

"हॅलो?" ताई म्हणाली.

"अरेच्चा! हा कुणाचा आवाज? नवीन का तू? चहा तरी झाला का तुझा, की त्या म्हातारीनं आल्या आल्या कामाला जुंपलं?"

आता बघ हं. ओळ अजून कोरी, साहेबांना दिलेला शब्द डोक्यात, मावशींची पाठ समोर, आणि कानाशी तो, चहा झाला की नाही एवढं ऐकायला थांबलेला. खरं सांग, तू असतीस तर काय भरलं असतंस गं?