कासवाचं गिऱ्हाईक

टोपीवाले काका गाडीखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि गेल्या रविवारपेक्षा मोठा आकडा बोलले. लेकीच्या हातातल्या ट्रेमधला चहा डचमळला. आई मात्र ढिम्म.

"एवढ्यात नाही द्यायची," आई म्हणाली. "आमचं कासव म्हणजे काय भाजीपाला वाटला?"

"बाईसाहेब, या किमतीत नवी कोरी येईल."

"मग घ्या की नवी कोरी! इथे कशाला चपला झिजवताय?"

काका हसले. सावकाश चहा प्यायले, पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

कासव हे नाव वडिलांनी ठेवलेलं. बाजारातली सगळ्यात स्वस्त गाडी होती ती. मास्तर, कारकून, सगळ्यांकडे तीच. चढ आला की पोरांनी उतरायचं, ढकलायचं आणि वर पोचल्यावर धापा टाकत पुन्हा आत कोंबून घ्यायचं. पुढे तसल्या गाड्या भंगारात गेल्या. वडील वारले तेव्हा भंगारवाल्यानेही कासवाकडे बघून नाक मुरडलं होतं.

आणि आता त्याच गाडीचे दिवस पालटले होते. मागच्या सीटवर भांडत वाढलेली पोरं पैसेवाली झाली होती. त्यांना तोच खडखडाट, तोच तापलेल्या रेक्झिनचा वास परत हवा होता. मूळ रंगाची, एकाच घरात राहिलेली गाडी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

टोपीवाले काका अशाच गाड्या हुडकत फिरायचे. त्यांची एक पद्धत होती. गाडी नेण्याआधी घरच्या माणसाला शेजारी बसवून एक फेरी मारायची. म्हणायचे, गाडीच्या खोडी घरच्यांनाच ठाऊक. आईने अजून फेरी मारू दिली नव्हती. "सौदा ठरल्याशिवाय फेरी नाही," तिचा हेका.

दुसरा हेका त्याहून जड. "कासव दारात आहे तोवर मी इथून हलायची नाही."

या एका वाक्यात लेकीचं अख्खं आयुष्य अडकलं होतं. पन्नाशी आली होती. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, अंधार पडायच्या आत घरी यायचं. जरा उशीर झाला की आई दारातच उभी. "कुठे होतीस? मी आपली घड्याळाकडे डोळे लावून बसलेय." मग गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, कडी लावलीस का, पुन्हा बघ. मैत्रिणीने दुसऱ्या गावी स्वतःचं चष्म्याचं दुकान काढलं होतं. भागीदारीत ये म्हणून कधीची मागे लागली होती. आता तिने निर्वाणीचं कळवलं होतं, महिनाअखेरीपर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघते. मामाकडे आईसाठी खोली रिकामी होती. फक्त ते चार चाकांचं धूड दारातून हलायला हवं होतं.

ती काकांना फाटकापर्यंत पोचवायला गेली.

"काका, आणखी थोडे वाढवा आणि घेऊन टाका ना एकदाची. तिचं नका मनावर घेऊ."

काकांनी फाटकाची कडी उगाच दोनदा वरखाली केली. "आकड्यावर अडलेलं नाही हो, ताई."

"मग कशावर?"

"तुमची आई ठरवेल तेव्हा ठरेल. मला घाई नाही."

तुम्हाला नसेल, ती मनात म्हणाली.

महिन्याचा शेवटचा शनिवार. आई खुर्चीत बसली होती, लेक तिचे केस कापत होती. गिऱ्हाइकासमोर अवतारात बसलं तर भाव पडतो, असं आईचं म्हणणं. कात्री चालता चालता थांबली.

"आई, मला जायचंय."

"कुठे?"

तिने सगळं सांगितलं. दुकान, मैत्रीण, वर्षानुवर्षं गिळलेला शब्द न् शब्द. आवाज चढत गेला. "तू आणि तुझं ते कासव! माझा जन्म गेला तुम्हा दोघांना राखण्यात!"

आई वळून बघत राहिली. केसांचे बारीक तुकडे तिच्या गालाला चिकटले होते.

"मला सोडून जायचंय तुला?"

"हो."

"एकटी राहशील? वेळेवर जेवशील? रात्री घाबरायचीस तू."

आईने पुन्हा गळ टाकला, लेकीला वाटलं. या वेळी ती गिळणार नव्हती. "लहान होते तेव्हा. राहीन मी एकटी. मला हवंय तसं."

आईने गालावरचे केस झटकले. मग म्हणाली, "हे आधी का नाही बोललीस, गधडे?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"काप. मागून नीट काप."

रविवारी काका आले. गाडीपर्यंत जाण्याआधीच आई दारातून म्हणाली, "ठरलं माझं."

काकांनी टोपी काढली. एवढ्या रविवारांत पहिल्यांदाच. लेकीला हुंदका आवरेना. तुरुंगाचं दार उघडावं तसं तिला झालं.

"चला, आता मारू फेरी," आई म्हणाली. काका स्टिअरिंगवर बसले. आई शेजारी. कासव खोकलं, थरथरलं आणि झालं की चालू!

तेवढ्यात आईच्या पायाशी ठेवलेली बॅग लेकीला दिसली. ती धावत खिडकीपाशी गेली.

"आई, फेरीला बॅग कशाला? आणि शेवटी विकलीस तरी कितीला?"

आईने काच खाली केली, हात बाहेर काढून लेकीचे डोळे पुसले.

"विकतंय कोण? लग्न करतोय आम्ही. तुला एकटीला टाकून माझाच पाय निघत नव्हता गं, म्हणून इतके रविवार यांना ताटकळत ठेवलं."